मृदंग शिकू पाहणाऱ्यास

गेल्या माघ वद्य एकादशीला आमच्या गिरणाकाठच्या गावी भजन झाले, पण मृदंग वाजला नाही. आमचे जुने मृदंगी, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, त्यांचे हात आता कापतात. त्यांच्यामागे वाजविणारा कोणी तयार झालेला नाही, हे त्या रात्री सर्वांच्या ध्यानात आले. टाळ वीस होते, गळेही होते. पहिला अभंग रेंगाळला, दुसरा धावला, आणि तिसऱ्याला म्हातारी माणसे गप्प बसली. तेव्हा एका मुलाने मोबाईलवर तयार ठेका लावला आणि तो पेटीएवढ्या स्पीकरमधून सोडला. आवाज मोठा झाला, पण अडचण तीच राहिली. म्हणणाऱ्या बाबांनी श्वास घ्यायला अर्धा क्षण थांबावे, तर ठेका पुढे निघून गेलेला. यंत्र कोणासाठी थांबत नाही. आरती लवकर उरकून मंडळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सात मुले आबांच्या ओट्यावर येऊन बसली. त्यांत दोन मुली होत्या. “आम्हाला शिकवा,” म्हणाली. आबा तोंडाने सांगतात आणि हात मी दाखवितो, अशी आमची शाळा तेव्हापासून चालू आहे. तेथे जे सांगितले जाते तेच क्रमाने येथे मांडीत आहे. ज्यांच्या गावी मृदंग खुंटीवर टांगून राहिला आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

१. आधी टाळ

मुले आली ती मृदंगावर हात मारायलाच. आबांनी मृदंगाची खोळ काढलीसुद्धा नाही. म्हणाले, “आधी टाय धर. टाय जमना म्हणजे मंग मृदंगना नाव ले.” मुले हिरमुसली. पण यात शिक्षा नाही, शिक्षणच आहे.

लय म्हणजे दोन टाळ्यांमधले सारखे अंतर. हे अंतर हातात बसण्याआधी बोटात बसावे आणि बोटात बसण्याआधी पायात बसावे. म्हणून नवशिक्याने पहिला महिनाभर भजनात टाळकऱ्यांच्या ओळीत उभे राहावे. टाळाच्या दोऱ्या हातात नीट धराव्यात. दोन्ही वाट्या सपाट एकमेकींवर आपटू नयेत, तशाने मधली हवा कोंडते आणि नाद दबतो. एक वाटी किंचित तिरपी ठेवून काठावर काठ पडू द्यावा. पावलीबरोबर पाय उचलावा. तोंडाने अभंग म्हणता म्हणता, पाय चालता चालता टाळ जर जागच्या जागी पडू लागला, तर तुमचा अर्धा मृदंग आला असे खुशाल समजावे. ज्याला टाळ आणि अभंग दोन्ही एकदम साधत नाहीत, त्याचा मृदंग पुढे बोलांची माळ होतो, भजन होत नाही.

२. मृदंगाची ओळख

ज्याला शास्त्रात पखवाज म्हणतात तोच आपला मृदंग. दक्षिणेत मृदंगम् म्हणून जे वाद्य वाजते त्याची जात हीच, पण बांधणी व बोल निराळे. उत्तरेकडे हे वाद्य धृपदाच्या साथीला वाजत आले. राजस्थानात नाथद्वाराला श्रीनाथजींपुढे त्याची मोठी परंपरा आहे. आपल्या महाराष्ट्रातील नाना पानसे हे गेल्याच्या मागल्या शतकात इंदूरला होळकरांच्या आश्रयाने नावाजले गेले आणि त्यांच्या शिष्यांनी ही विद्या पुष्कळ पसरविली. म्हणजे दिंडीत आपल्या गळ्यात असते ते वाद्य दरबारातही बसलेले आहे. दरबारात ते कलावंताची सोबत करते, दिंडीत ते चालणाऱ्यांची सोबत करते.

मृदंगाचे खोड एकाच लाकडातून कोरून काढलेले असते. मध्ये फुगीर, दोन्ही तोंडांकडे निमुळते. उजवे तोंड लहान, त्यावर शाईची पुडी. डावे तोंड मोठे, ती धूम. दोन्ही पुड्या चामड्याच्या वादीने ओढून बांधलेल्या असतात आणि वादीखाली लाकडाचे आठ गठ्ठे सरकविलेले असतात. पुडीच्या कडेला जो वेणीसारखा विणलेला भाग दिसतो तो गजरा. स्वर चढवायचा वा उतरवायचा तो गजऱ्यावर आणि गठ्ठ्यांवर हातोडीने ठोकून. शाईवर कधीही ठोकू नये. शाईला पाणी लागू देऊ नये. मृदंग जमिनीवर उभा ठेवून त्यावर हात टेकून बसू नये. मुले तसे बसतात, म्हणून सांगावे लागते.

३. कणीक

आमच्याकडे म्हणतात, मृदंगाला आधी जेवू घालावे, मग बोलवावे. डाव्या पुडीवर गव्हाच्या कणकेचा गोळा लावल्याशिवाय धूम घुमत नाही. पुडीवर वजन बसते म्हणून तिचा आवाज खाली उतरतो आणि भरदार होतो. कणीक कमी झाली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर बसका. किती लावायची हे मापाने सांगता येत नाही, कानाने ठरवावे लागते.

रीत अशी. पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल कणीक मळावी. मीठ, तेल घालू नये. पुडीच्या मध्यभागी ओले बोट फिरवून लहान पुरीएवढा गोळा चिकटवावा आणि कडा बोटाने दाबाव्यात. मग डाव्या हाताने एक थाप मारून ऐकावे. उजव्या पुडीचा जो षड्ज असेल, त्याच्याच खालच्या सप्तकातला स्वर डावीकडून यावा अशी सामान्य रीत आहे. चढा वाटला तर आणखी चिमूटभर लावावी, उतरला तर काढावी. भजन आटोपले की कणीक लगेच खरवडून काढून पुडी कोरडी पुसावी. वाळलेली कणीक चामडे ओढते आणि पुडी फाटते. आमच्याकडे काढलेली कणीक दाराशी उभ्या गाईला देतात.

खानदेशातल्या मृदंग्याने हवामानाचाही विचार केला पाहिजे. वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. त्या कोरड्या उन्हात चामडे ताणते आणि मृदंग आपोआप चढतो, शिवाय कणीक भजन चालू असतानाच वाळते. म्हणून जवळ ओले फडके ठेवावे. पावसाळी हवेत उलट होते, पुडी सैल पडून स्वर उतरतो. पुष्कळ लोक तेव्हा मृदंग चुलीपाशी नेतात. तसे करू नये, खोडाला तडा जातो. सुक्या फडक्याने पुसून, खोळीत घालून, घराच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावा. हल्ली नटबोल्टवर ओढण्याचे मृदंग निघाले आहेत. पावसाच्या वाटेवर ते सोयीचे पडतात, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र शिकणाऱ्याने वादीचा मृदंग एकदा तरी स्वतः लावून पाहावा, म्हणजे कान तयार होतो.

४. हाताची ठेवण आणि पहिले बोल

मांडी घालून ताठ बसावे. मृदंग समोर आडवा, शाई उजव्या हाताला. डावखुऱ्याने उलट धरला तरी चालेल. खांदे सैल असावेत. नवशिक्याचा खांदा वर चढतो आणि तासाभरात मान धरते. जोर दंडातून येतो ही समजूत चुकीची आहे. मनगट सैल सोडून हाताचे वजन पडू द्यावे, एवढेच.

पहिले बोल थोडेच घ्यावेत. त्यांची नावे व निकास फडाफडांत थोडे बदलतात. आपल्या गुरूचे ते खरे मानावे. आमच्याकडचे असे:

ता : उजव्या हाताची चारही बोटे जुळवून मोकळी थाप. नाद दाबू नये.
ना : उजवी तर्जनी काठावर.
दिं : बोटे जुळवून शाईवर, आणि लगेच हात उचलावा.
ते, टे : शाईवर बंद आघात. एकदा शेवटची बोटे, एकदा अंगठ्याकडची बाजू.
घे (किंवा ग) : डाव्या हाताची मोकळी थाप, धूम घुमू द्यावी.
क : डावा पंजा पुडीवर दाबून बंद.
धा : ता आणि घे एकदम.

हे सात बोल पंधरा दिवस पुरतात. प्रत्येक बोल आधी तोंडाने म्हणावा, मग हाताने काढावा. जो बोल तोंडाने स्पष्ट म्हणता येत नाही तो हातातून स्पष्ट निघत नाही. दोन हात एकदम पडले तर धा होतो, पुढेमागे पडले तर तो धा नव्हे, ते दोन आवाज झाले. आबा डोळे मिटून ऐकतात आणि एवढेच म्हणतात, “दोन उनात.” म्हणजे दोन आले, पुन्हा काढ. एका मुलीने पहिला खरा धा काढायला नऊ दिवस घेतले. दहाव्या दिवशी तिचा धा सर्वांत गोल निघाला. ज्यांना पहिल्याच दिवशी जमला होता, त्यांचा अजून कधीकधी फुटतो. म्हणून उशीर झाला याचे वाईट वाटू देऊ नये.

मुलींनी मृदंग वाजवावा काय, असे एका गृहस्थाने मला विचारले. ज्या खानदेशात मुक्ताईची समाधी आहे आणि जेथील वारकरी तिची पालखी घेऊन पंढरीला जातात, त्या खानदेशात हा प्रश्न कसा पडतो ते मला समजत नाही. योगी चांगदेवांनी गुरू केले ते त्या लहान मुलीला. आमच्या शाळेत त्या दोघी इतरांसारख्याच शिकतात.

५. पहिला ठेका

बोल सुटे झाले की आठ मात्रांची धुमाळी घ्यावी.

धा धिं । धा तिं । तक धिं । धागे तिरकिट ।

पहिल्या चार मात्रा सरळ आहेत. पाचवीत दोन अक्षरे येतात, सातवीत दोन आणि आठवीत चार. नवशिका आठवीवर अडखळतो, आणि ‘तिरकिट’ पुरे करण्यासाठी मात्रा लांबवितो. येथेच भजन लंगडते. यावर सोपा उपाय आहे. महिनाभर आठव्या मात्रेला ‘तिरकिट’च्या जागी नुसते ‘तक’ वाजवावे. ठेका साधा वाटेल, पण सरळ राहील. लय पक्की झाली म्हणजे ‘तिरकिट’ आपोआप त्याच जागेत मावू लागते.

पुढल्या वर्षी चौताल घ्यावा. त्याच्या मात्रा बारा:

धा धा । दिं ता । किट धा । दिं ता । तिट कत । गदि गन ।

टाळी पहिली, पाचवी, नववी व अकरावी या मात्रांवर, खाली तिसरी व सातवी यांवर. रोजच्या भजनात याचे काम कमी पडते, पण हात तयार होण्यास याच्यासारखा दुसरा ताल नाही. मोबाईलवर हल्ली मोठमोठ्या वादकांचे वाजविणे ऐकता येते. अवश्य ऐकावे. परंतु त्यांची चक्रदार तिहाई तिसऱ्या महिन्यात उचलायला जाऊ नये.

शेतकऱ्याच्या घरी वेळ कोठून आणावा, हा प्रश्न खरा आहे. केळीला पाणी धरायचे असते, कापूस वेचायचा असतो, धारा काढायच्या असतात. मी एवढेच सांगतो की रोज अर्धा तास पुरे, पण रोज पाहिजे. आठवड्यातून एकदा चार तास बसल्याने हात सुजतात, शिकत नाहीत. मृदंग जवळ नसेल तेव्हा मांडीवर बोल काढावेत. चातुर्मास हा शिकण्याचा खरा हंगाम. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत गावोगाव रोजची भजने चालतात, त्यांत जुन्या मृदंग्याच्या शेजारी बसायला मिळते. आषाढीला टाळ धरला, तर कार्तिकीला साधा ठेका आणि पुढल्या ज्येष्ठात पालखीबरोबर गळ्यात मृदंग, असा एक वर्षाचा हिशेब सामान्य मुलाला जमण्यासारखा आहे. पुढे ज्याला कीर्तनाचा अभ्यास करावयाचा असेल त्याच्यासाठी आळंदी आहे. जोग महाराजांनी तेथे १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि तेव्हापासून कितीतरी मुले तेथे शिकून गावोगाव कीर्तन करीत आली आहेत. पण आळंदीला जाण्याआधी गावच्या एकादशीला साथ करता आली पाहिजे.

६. उभ्याने आणि चालत

बसून वाजविलेले सारे उभ्याने एकदा विसरायला होते. पट्टा मानेवर न घेता खांद्यावरून असा घ्यावा की मृदंग कमरेच्या थोडा वर आडवा राहील. खाली लोंबला तर गुडघ्याला लागतो, वर चढला तर मनगट वाकते. आधी घरच्या अंगणात ठेका धरून चालावे. पहिली मात्रा आणि पाऊल एकदम पडले पाहिजे.

आता दिंडीची रचना आठवा. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यामध्ये मृदंगी, मागे विणेकरी, आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. अभंग विणेकऱ्याचा. त्यांनी धरावा, त्यांनी सोडावा. मृदंगी त्यांच्या हुकमातला. मागच्या माउल्यांना मृदंगी दिसत नाही. त्यांना फक्त त्याची थाप ऐकू येते आणि त्या थापेवर त्यांचे पाऊल पडते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कशी कळली ते सांगतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादजवळील कोथळीहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडीत महिन्याहून अधिक चालते. पंढरीला लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ती एक आहे. निघताना खानदेशचे ऊन आणि पुढे जाताजाता पाऊस, अशी ती वाट. बीड जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर दुतर्फा लोक उभे होते. माझा हात नुकताच मोकळा झाला होता. लोक पाहताहेत असे दिसले आणि मी ठेका दुगणीत टाकला. पुढचे तरुण टाळकरी उड्या घेऊ लागले, लोकांनी वाहवा केली, मी आणखी चढवला. मागे काय चालले आहे याची मला शुद्ध नव्हती.

एकाएकी कोणीतरी माझ्या शाईवर हात ठेवला. पाहतो तो विणेकरी बाबा. ते रागे भरले नाहीत. नुसते मागे बोट दाखविले. आमच्यामध्ये आणि माउल्यांमध्ये शंभर पावलांचे अंतर पडले होते. एक म्हातारी रस्त्याच्या कडेला बसली होती. तिचे तुळशीवृंदावन खाली कलंडले होते आणि दुसरी बाई सांडलेली माती ओंजळीने भरीत होती. तिला लागले नव्हते, देवाची कृपा. पण ती माझ्याकडे पाहून हसली, ते मला अजून विसरता येत नाही. ती म्हणाली, “माऊली, आम्हाला पण यायचंय ना पंढरीला.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी मृदंग दुसऱ्याला दिला आणि मला टाळ देऊन त्या माउल्यांच्या मागे चालायला लावले. आठ दिवस मी तेथे चाललो. तेथून ऐकताना कळले की पुढची प्रत्येक घाई मागे दुप्पट होऊन येते. पुढचा मृदंगी एक पाऊल धावला तर शेवटची म्हातारी दहा पावले धावते. नवव्या दिवशी मृदंग परत मिळाला. मी घरी आल्यावर हे सारे आबांना सांगितले. आबा म्हणाले, “हात नको देखू, लोकेस्ना पाय देख.”

म्हणून आमच्या शाळेत एक नियम केला आहे. प्रत्येक मुलाने वारीला मृदंग गळ्यात घेण्याआधी निदान तीन दिवस दिंडीच्या अगदी शेवटी, माउल्यांच्या मागे चालावे. तेथे ऐकू येणारा ठेका लक्षात ठेवावा. मग पुढे येऊन तोच वाजवावा.

७. चुका आणि त्यांवर उपाय

नवशिक्याच्या चुका बहुतेक सारख्याच असतात. अभंग संपत आला की हात आपोआप धावू लागतो. यावर उपाय, तोंडाने अभंग म्हणत राहावे. म्हणणारा धावत नाही, कारण त्याला श्वास लागतो. दुसरी चूक, गाणारा आलाप घेत असता मधली जागा बोलांनी भरून टाकणे. रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतो. तेथे ठेका धरून थांबावे. तिसरी चूक, आपला मृदंग ज्या पट्टीत लागला आहे त्या पट्टीत गाणाऱ्याने गावे असा हट्ट. गाणारा म्हातारा असेल तर स्वर उतरवून घ्यावा, हातोडी त्यासाठीच आहे. आणि चौथी, चुकल्यावर थांबणे. चुकले तर पुढच्या पहिल्या मात्रेवर धा द्यावा आणि चालू लागावे. वाट चुकलेला माणूस रस्त्यात बसत नाही, मूळ वाटेला येऊन मिळतो.

अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची वैशाखी यात्रा भरते. त्या यात्रेला या वर्षी मी मुलांना घेऊन गेलो. वाजवायला नाही, ऐकायला. एका राहुटीत एक वृद्ध मृदंगी नुसती धुमाळी वाजवीत होते. तासभर तोच ठेका, एकही तिहाई नाही. मुले आधी कंटाळली. मग त्यांतल्या एकाने पाहिले की राहुटीतली सारी माणसे, लहान मुलांपासून काठी टेकणाऱ्यापर्यंत, एकाच वेळी डोलत आहेत. तो मला हळूच म्हणाला, “काका, कोणीच मागे नाही राहिलं.” त्याला काय शिकायचे ते समजले, असे मी मनात म्हटले.

पुढच्या एकादशीला त्याच मुलाला मी मृदंगावर बसविणार आहे. ‘तिरकिट’ त्याला अजून नीट येत नाही. तेथे तो ‘तक’ वाजवील. आबा शेजारी बसतील, आणि मोबाईल खिशात राहील.

रामकृष्ण हरी.